फुलपाखरांचे हिवाळ्यातील जीवन

थंडी, कोरडी हवा आणि अन्नाची टंचाई यांच्या काळात फुलपाखरे शरीरातील व वर्तनातील ज्या बदलांच्या आधारे तग धरतात, त्या सर्वांचा विचार या विषयात होतो. फुलपाखरू हा लेपिडॉप्टेरा गणातील, म्हणजे खवल्यांनी झाकलेल्या पंखांचा कीटक आहे. त्याच्या शरीराचे तापमान भोवतालच्या हवेवर आणि उन्हावर अवलंबून असते. युरोप, उत्तर अमेरिका किंवा हिमालय यांसारख्या प्रदेशांत हिवाळा म्हणजे गोठवणारी थंडी. महाराष्ट्रात, विशेषतः कोल्हापूर जिल्ह्यासारख्या सह्याद्रीच्या पूर्व उताराच्या प्रदेशात, हिवाळ्याचा अर्थ वेगळा आहे. येथे थंडीने फुलपाखरे सहसा मरत नाहीत. त्यांची खरी परीक्षा पाऊस थांबल्यानंतर सुरू होऊन पुढच्या जून महिन्यापर्यंत चालणाऱ्या कोरड्या काळात होते आणि हिवाळा हा त्या परीक्षेचा पहिला भाग असतो.

फुलपाखरू आठ-पंधरा दिवस जगते आणि मरते, असा समज सर्वत्र आढळतो. पावसाळ्यातील अनेक लहान जातींच्या प्रौढांबाबत तो बराचसा खरा आहे. मात्र कोरड्या ऋतूच्या तोंडाशी जन्मलेले त्याच जातीचे फुलपाखरू काही महिने जगू शकते. शिवाय प्रौढ फुलपाखरू ही त्या जीवाची केवळ एक अवस्था आहे. अंडी, अळी आणि कोश या अवस्थांचे आयुष्य धरले, तर हिवाळ्यात फुलपाखरे नाहीशी झाल्यासारखी वाटली तरी ती बहुधा जवळपासच, पण वेगळ्या रूपात असतात.

कोल्हापूरचा हिवाळा

कोल्हापूर जिल्ह्याच्या पश्चिमेस सह्याद्रीची मुख्य रांग असून पूर्वेकडे जमीन सपाट होत जाते. पावसाचे प्रमाण या दोन टोकांमध्ये फार झपाट्याने बदलते. गगनबावड्यास वर्षाला ५,००० मिलिमीटरपेक्षा अधिक पाऊस पडतो, तर पूर्वेच्या शिरोळ तालुक्यात तो सुमारे ५०० मिलिमीटर इतकाच असतो. त्यामुळे एकाच जिल्ह्यात सदाहरित व निमसदाहरित जंगल, जांभ्या दगडाचे सडे, गवताळ डोंगर, उसाची बागायत आणि कोरडवाहू माळ असे निरनिराळे अधिवास सापडतात. राधानगरी अभयारण्य हे यांपैकी सर्वांत महत्त्वाचे होय. कोल्हापूर संस्थानच्या काळातील दाजीपूरच्या राखीव शिकारी जंगलाला १९५८ साली गव्यांसाठी अभयारण्याचा दर्जा मिळाला. पुढे त्याचा विस्तार होऊन क्षेत्र सुमारे ३५१ चौरस किलोमीटर झाले. २०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटातील ३९ स्थळांचा जागतिक वारशात समावेश केला, त्यांत राधानगरीही आहे. पश्चिम घाटात फुलपाखरांच्या ३३० पेक्षा अधिक जाती आढळतात.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात कोल्हापूर शहरात दुपारचे तापमान २८ ते ३० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. पहाटे ते १४-१५ अंशांपर्यंत उतरते आणि १० अंशांखाली क्वचितच जाते. पन्हाळा, दाजीपूर, आंबा येथील दऱ्यांत पहाटेचा गारवा अधिक असून दवही भरपूर पडते. या तापमानात पाणी गोठत नाही आणि अळ्यांच्या शरीरातील द्रवही गोठत नाही. थंड देशांतील फुलपाखरांना ज्या मुख्य संकटाला तोंड द्यावे लागते, ते येथे नाही. येथील अडचण अशी, की ऑक्टोबरनंतर पाऊस जवळजवळ थांबतो, वर्षायू वनस्पती वाळतात, गवत पिवळे पडते आणि अळ्यांना लागणारी कोवळी पाने दिवसेंदिवस दुर्मिळ होतात.

उन्हाची गरज

उडण्यासाठी फुलपाखराच्या छातीतील स्नायू पुरेसे गरम असावे लागतात. बहुतेक जातींत हे तापमान साधारण ३० अंशांच्या आसपास किंवा त्याहून थोडे अधिक असते. त्यामुळे हिवाळ्याच्या पहाटे झुडपाच्या फांदीवर किंवा गवताच्या काडीवर बसलेले फुलपाखरू हात जवळ नेला तरी उडत नाही. ते आजारी नसते. त्याचे स्नायू अजून तापलेले नसतात. अशा वेळी त्याला बोटाने उचलून पाहण्याचा मोह होतो. पण पंखांवरील खवले त्यामुळे गळतात आणि ते पुन्हा येत नाहीत.

ऊन वर आले की फुलपाखरे ऊन खाऊ लागतात. पॅन्सी गटातील जाती पंख पूर्ण पसरून पाठ सूर्याकडे करतात. ग्रास यलो या लहान पिवळ्या फुलपाखरांना पंख मिटून बसण्याची सवय असते, ती अंग एका बाजूला कलते करून मिटलेल्या पंखाची बाजू उन्हाला देतात. पंखांचा छातीलगतचा भाग तापला की त्याची उष्णता स्नायूंना मिळते. टोकाकडच्या भागाचा त्यात फारसा वाटा नसतो. गडद रंगाच्या पंखांना ऊन लवकर लागते. हिवाळ्यात फुलपाखरांची वर्दळ सकाळी नऊनंतर सुरू होऊन दुपारी टिपेला पोहोचते आणि चारच्या सुमारास ओसरते. पावसाळ्यानंतरच्या ऑक्टोबरमधील लांबलचक दिवसाच्या तुलनेत हा अवधी बराच तोकडा आहे.

संध्याकाळी अनेक जाती विसाव्यासाठी एकत्र जमतात. हबशी या मराठी नावाने ओळखले जाणारे कॉमन क्रो आणि त्याचे नातलग टायगर वर्गातील फुलपाखरे वाळक्या काटक्यांवर ओळीने लटकून रात्र काढतात. ही फुलपाखरे अळीपणी खाल्लेल्या चिकाळ वनस्पतींमुळे पक्ष्यांना बेचव लागतात; एकत्र बसल्याने त्यांचा हा इशारा अधिक ठळक होतो, असे मानले जाते. लहान ग्रास ब्लू फुलपाखरेही गवताच्या तुऱ्यांवर खाली डोके करून अशीच जवळजवळ बसलेली आढळतात.

चार अवस्था आणि खाद्यवनस्पती

हिवाळा कोणत्या अवस्थेत काढायचा, हे बहुतांशी अळीच्या खाद्यवनस्पतीवर ठरते. फुलपाखराची मादी कोठेही अंडी घालत नाही. तिच्या अळ्या ज्या ठराविक वनस्पतींची पाने खाऊ शकतात, त्यांवरच ती अंडी घालते. ती वनस्पती बारमाही हिरवी असेल, तर फुलपाखराला थांबण्याचे कारण नसते. रुईवर वाढणारे प्लेन टायगर हे याचे सोपे उदाहरण होय. रुई उजाड माळावर भर उन्हाळ्यातही हिरवी असते, म्हणून प्लेन टायगरच्या पिढ्या वर्षभर चालू राहतात. परसातील कढीपत्ता आणि लिंबू यांवरील लाइम बटरफ्लाय व कॉमन मॉरमॉन यांचेही तसेच. घरातील सांडपाण्यावर वाढणारे कढीपत्त्याचे झाड डिसेंबरातही कोवळी पाने देते. थंडीत अळीची वाढ मंदावते आणि कोशातील मुक्काम लांबतो, एवढाच फरक पडतो. या कोशांचा रंगही पाहण्याजोगा असतो. हिरव्या पानाजवळ विणलेला कोश बहुधा हिरवा, तर वाळक्या काटकीवरचा कोश तपकिरी होतो.

हळदीकुंकू या सुंदर मराठी नावाचे कॉमन जेझेबेल हिवाळ्यातही सहज दिसते. त्याच्या अळ्या आंब्यासारख्या झाडांवर वाढणाऱ्या बांडगुळावर समूहाने राहतात. बांडगूळ यजमान झाडाच्या मुळांनी खोलातून ओढलेले पाणी आयते घेते आणि सभोवार सर्व वाळले तरी हिरवे राहते. बागायतदाराच्या दृष्टीने जे उपद्रवी आहे, ते या फुलपाखराच्या दृष्टीने कोरड्या ऋतूतील कोठार ठरते.

याच्या उलट स्थिती टाकळ्यावर किंवा पावसाळी गवतावर अवलंबून असणाऱ्या पिढ्यांची असते. टाकळा श्रावणात रस्त्याकडेला दाट माजतो आणि दिवाळीनंतर त्याच्या शेंगा तडकू लागतात. कॉमन ग्रास यलोची जी पिढी टाकळ्यावर पोसली, तिच्या मादीला डिसेंबरात अंडी घालण्यासाठी टाकळा मिळत नाही. तिला त्याच कुळातील बारमाही झुडपे शोधावी लागतात किंवा अंडी घालणे लांबणीवर टाकावे लागते.

काही जाती अंगभर मेणचट आवरण असलेल्या कोशातच मोठा काळ काढतात. स्पॉट सोर्डटेल हे फुलपाखरू पावसाळ्यापूर्वीच्या काही आठवड्यांतच उडताना दिसते. सीताफळाच्या कुळातील जंगली झाडांवर त्याच्या अळ्या वाढतात आणि नंतर ते जमिनीलगत कोशावस्थेत जाऊन पुढच्या उन्हाळ्यापर्यंत तसेच राहते. त्याचा पावसाळा आणि सगळा हिवाळा कोशात जातो. वाढ अशी थांबवून धरण्याच्या स्थितीला कीटकशास्त्रात डायापॉज म्हणतात. मराठीत विकासविराम हा शब्द तिला शोभतो. ही साधी झोप नव्हे. संप्रेरकांच्या नियंत्रणाखाली श्वसन व चयापचय अगदी कमी होते. हवा एखादा दिवस अनुकूल झाली म्हणून कोश लगेच उघडत नाही. उत्तर कारवारमध्ये वनाधिकारी म्हणून दीर्घकाळ राहिलेले टी. आर. बेल यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात फुलपाखरांच्या अळ्या, कोश आणि खाद्यवनस्पती यांच्याविषयी जी लेखमाला लिहिली, ती सह्याद्रीच्या या भागासाठी आजही उपयोगी आहे.

कोरड्या ऋतूतील रूप

महाराष्ट्रातील फुलपाखरांच्या हिवाळ्याचा सर्वांत लक्षणीय भाग म्हणजे ऋतूनुसार बदलणारे रूप. एकाच जातीची पावसाळी पिढी आणि कोरड्या ऋतूतील पिढी इतक्या भिन्न दिसतात, की जुन्या अभ्यासकांनी त्यांना वेगवेगळ्या जाती मानले होते. पीकॉक पॅन्सी हे नारिंगी रंगाचे, पंखांवर मोठे डोळे असलेले फुलपाखरू कोल्हापूर परिसरात ओलसर गवताळ जागी आढळते. त्याच्या पावसाळी रूपात पंखांच्या खालच्या बाजूवर डोळ्यांसारखे स्पष्ट ठिपके असतात. कोरड्या ऋतूतील रूपात ते पुसट होतात, पंखांच्या कडा टोकदार बनतात आणि पंख मिटले की मधोमध शीर असलेले वाळके पान दिसते. लिनियसने १७५८ साली या दोन रूपांना आल्माना आणि आस्टेरिए अशी दोन स्वतंत्र नावे दिली होती.

कॉमन इव्हनिंग ब्राऊन हे फुलपाखरू याहून परिचित आहे, जरी अनेक जण त्याला पतंग समजतात. दिवसभर ते झाडीतील पाचोळ्यात निश्चल बसते, सांजवेळी उडते आणि दिव्याच्या उजेडाने घरातही शिरते. शास्त्रीय नाव मेलॅनिटिस लेडा. पावसाळी पिढीच्या पंखांखाली पांढऱ्या बाहुलीचे काळे डोळे ओळीने असतात व अंगभर बारीक रेघोट्या असतात. कोरड्या ऋतूतील पिढीत डोळे जवळजवळ नाहीसे होतात, पुढच्या पंखाचे टोक आकड्यासारखे बाहेर येते आणि रंग पिवळट, विटकरी, राखाडी, काळपट असा व्यक्तीगणिक बदलतो. दहा फुलपाखरे पाहिली तर दहा तऱ्हा सापडाव्यात. या विविधतेमागेही कारण आहे. सर्व फुलपाखरे एकसारखी असती, तर पक्ष्यांना पाचोळ्यातील तो एक नमुना ओळखता आला असता. हे कोरड्या ऋतूतील रूपही एके काळी मेलॅनिटिस इस्मेने या वेगळ्या नावाने ओळखले जाई.

ही दोन नावे एकाच फुलपाखराची आहेत, हे संग्रहालयातील टाचणीला लावलेल्या नमुन्यांवरून ठरणारे नव्हते. त्यासाठी अंड्यापासून फुलपाखरे वाढवून पाहावी लागली. कोलकात्यात काम करणारे लायनेल डी नायसव्हील यांनी १८८० च्या दशकात मेलॅनिटिस आणि त्याच्या नात्यातील गवतावर वाढणाऱ्या तपकिरी फुलपाखरांचे असे पालन केले आणि एका रूपाच्या मादीच्या अंड्यांतून दुसऱ्या रूपाची पिल्ले निघतात, हे दाखवून दिले. भारतातील फुलपाखरांच्या अभ्यासात या प्रयोगांचे स्थान मोठे आहे.

रूप कसे ठरते, याचा उलगडा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झाला. बुशब्राऊन गटातील बायसायक्लस अनिनाना या आफ्रिकी फुलपाखरावर पॉल ब्रेकफील्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दीर्घकाळ प्रयोग केले. शेवटच्या टप्प्यातील अळ्या सुमारे २७ अंशांत वाढवल्या की मोठ्या डोळ्यांची पावसाळी फुलपाखरे निघतात; २० अंशांपेक्षा कमी तापमानात वाढवल्या की डोळे लोपलेली कोरडी फुलपाखरे निघतात. दोन्हींची जनुके तीच असतात. तापमानानुसार शरीरातील एक्डायसोन या संप्रेरकाच्या वाढीची वेळ पुढेमागे होते आणि त्यावरून कोशात पंखाची नक्षी ठरते. पंख एकदा तयार झाला की नक्षी बदलत नाही. फुलपाखराला पुढे येणाऱ्या ऋतूचा वेध अळी असतानाच घ्यावा लागतो.

हे निष्कर्ष सह्याद्रीला जसेच्या तसे लावता येत नाहीत. येथे पावसाळ्यातील दिवस ढगाळ आणि गार असतात, तर ऑक्टोबरात दुपारी चांगलेच तापते. सरासरी तापमान पाहिले तर पावसाळा आणि हिवाळा यांत फार मोठे अंतर नाही. फरक पडतो तो रात्रीच्या गारव्यात आणि हवेतील ओलाव्यात. थंड देशांत फुलपाखरांना ऋतूची खूण दिवसाच्या लांबीवरून मिळते. लंडनमध्ये जून आणि डिसेंबर यांतील दिवसांच्या लांबीत जवळजवळ नऊ तासांचा फरक असतो. कोल्हापुरात, सुमारे १६.७ अंश उत्तर अक्षांशावर, तो सुमारे दोन तासांचाच असतो. म्हणून येथील जाती तापमान, ओलावा आणि पानांचा कोवळेपणा अशा अनेक खुणांचा एकत्रित आधार घेत असाव्यात, असे मानणे सयुक्तिक आहे.

डोळे असणे आणि नसणे यांचा उपयोग ऋतुमानानुसार बदलतो. पावसाळ्यात हिरव्या पार्श्वभूमीवर तपकिरी फुलपाखरू लपू शकत नाही. तेव्हा पंखाच्या कडेचे डोळे शत्रूचा पहिला घाव डोक्याऐवजी पंखाच्या काठावर ओढून घेतात. पंखाचा तुकडा गेला तरी फुलपाखरू उडू शकते. हिवाळ्यात मात्र सर्वत्र पाचोळा असतो. अशा जागी न हलता बसणे हाच उत्तम बचाव असून चमकणारे डोळे उलट घातक ठरतात.

या बाबतीत ब्लू ओकलीफ हे फुलपाखरू पराकोटीला पोहोचले आहे. सह्याद्रीच्या कारवीच्या रानात ते आढळते आणि त्याच्या अळ्या कारवीच्या कुळातील वनस्पतींवर वाढतात. उघडे पंख निळे, पण मिटले की देठासह वाळलेले पान. फुलांपेक्षा कुजकी फळे आणि झाडाच्या खोडातून पाझरणारा रस त्याला अधिक प्रिय असल्याने फुले नसलेल्या दिवसांतही त्याचे फारसे अडत नाही.

प्रौढांचा विराम

रूपाबरोबर शरीरांतर्गत घडीही बदलते. कोरड्या ऋतूतील मेलॅनिटिससारख्या फुलपाखरांत अंडाशयाची वाढ रोखलेली असते. मादी जिवंत असते, थोडेफार उडते, रस पिते. पण अंडी तयार करीत नाही. त्याऐवजी शरीरात चरबी साठवून ठेवलेली असते. पावसाळ्याची चाहूल लागेपर्यंत हा विराम टिकतो. गवतावर वाढणाऱ्या अळ्यांसाठी नोव्हेंबरात अंडी घालणे म्हणजे ती वाया घालवणे होय, कारण अंड्यातून बाहेर पडणाऱ्या अळीला वाळकी काडी खाता येत नाही. याच कारणाने अशा फुलपाखरांचे आयुष्य आठवड्यांवरून महिन्यांवर जाते. बुशब्राऊन गटातील काही जातींतही असाच क्रम आढळतो.

स्थलांतर

ज्या फुलपाखरांना मोठे अंतर कापता येते, ती जागाच बदलतात. दक्षिण भारतात ब्लू टायगर, डार्क ब्लू टायगर, कॉमन क्रो आणि डबल-ब्रँडेड क्रो या जातींचे मोठे थवे वर्षातून दोनदा प्रवास करतात. नैऋत्य मोसमी पावसाच्या तोंडाशी ते पश्चिम घाटातून पूर्वेकडील मैदानांकडे जातात. पाऊस ओसरल्यावर, साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरात, पूर्वेकडून पुन्हा घाटाकडे येतात. पुण्याचे कीटकशास्त्रज्ञ कृष्णमेघ कुंटे यांनी या स्थलांतराचा पद्धतशीर अभ्यास केला असून द्वीपकल्पीय भारतातील फुलपाखरांवरील त्यांचा ग्रंथ २००० साली प्रसिद्ध झाला. या प्रवासाच्या बहुतेक नोंदी तामिळनाडू, कर्नाटक आणि आंध्र प्रदेश या राज्यांतील आहेत.

घाटातील सदाहरित दऱ्या हिवाळ्यात या फुलपाखरांना ओलावा आणि सावली पुरवतात. तेथे ओढ्याकाठच्या झाडीत शेकडो फुलपाखरे एकत्र बसलेली दिसू शकतात. हा मुक्काम मुख्यतः विश्रांतीचा असतो. जांभ्याच्या उघड्या सड्यावर दुपारी हवा रखरखीत असताना शंभर पावलांवरील दरीत पाचोळा ओलसर असतो. फुलपाखराच्या दृष्टीने ते अंतर ऋतू बदलल्याइतके मोठे आहे.

जगभर पसरलेले पेंटेड लेडी हे फुलपाखरू हिवाळ्यात दख्खनच्या पठारावरही आढळते. पश्चिम युरोपातील याच जातीची फुलपाखरे हिवाळ्यापूर्वी भूमध्य समुद्र आणि सहारा वाळवंट ओलांडून आफ्रिकेत उतरतात. जाण्यायेण्याचा हा फेरा एका फुलपाखराच्या आयुष्यात नव्हे, तर अनेक पिढ्यांत पुरा होतो.

हिवाळ्यातील अन्न

पावसाळ्याच्या अखेरीस सड्यांवर सोनकी व इतर रानफुलांचा बहर येतो आणि ऑक्टोबरपर्यंत मकरंदाची चंगळ असते. त्यानंतर फुले कमी होत जातात. शेताच्या बांधावरील कुर्डू, रस्त्याकडेची एकदांडी आणि बारमाही फुलणारी घाणेरी यांवर फुलपाखरांची गर्दी होते. फेब्रुवारीच्या सुमारास डोंगरउतारावर धायटी लाल होते. घाणेरी आणि रानमोडी या दोन्ही परदेशातून आलेल्या, रान माजवणाऱ्या वनस्पती आहेत. स्थानिक झुडपांना त्या हटवतात. तरीही ऐन हिवाळ्यात रानमोडीच्या फुलांवर टायगर आणि क्रो फुलपाखरांचे थवे जमतात, ही वस्तुस्थिती आहे. या फुलांतून नरांना केवळ मकरंद मिळत नाही, तर मादीला आकर्षित करणारा गंध तयार करण्यासाठी लागणारी अल्कलॉइडे मिळतात. खुळखुळ्याच्या आणि भुरुंडीच्या वाळक्या भागांना चिकटून बसलेले नरही याच शोधात असतात.

ओढे आटू लागले की काठच्या ओल्या वाळूवर चिखलपान सुरू होते. नर फुलपाखरे ओल्या मातीतून पाण्याबरोबर क्षार, मुख्यतः सोडियम, शोषून घेतात. भोगावती, दूधगंगा यांच्या उगमाकडील ओहोळांवर, तसेच जनावरांच्या पाणवठ्यांवर ब्लूबॉटल, एमिग्रंट आणि लहान निळी फुलपाखरे यांचे असे घोळके आढळतात. पूर्वेकडील तालुक्यांत हे काम उसाला पाणी देणाऱ्या पाटांवर भागते. महाराष्ट्राने २०१५ साली राज्य फुलपाखरू म्हणून निवडलेले ब्लू मॉरमॉन, म्हणजे नीलवंत, हेही अशा ओलाव्यावर उतरते.

थंड प्रदेशांशी तुलना

हिमालयात आणि युरोपात प्रत्येक जात एका ठराविक अवस्थेत हिवाळा काढते. अपोलो फुलपाखरू अंड्याच्या रूपात, बरीच तपकिरी फुलपाखरे अळीच्या रूपात, तर स्वॅलोटेल कोशात. ब्रिमस्टोन, पीकॉक आणि टॉर्टाइजशेल ही प्रौढ अवस्थेतच झाडांच्या ढोलीत, आयव्हीच्या दाट वेलीत किंवा जुन्या कोठारांत निश्चल राहतात. हिमालयातील इंडियन टॉर्टाइजशेल थंडीच्या मध्यावरही एखाद्या उबदार दुपारी बाहेर पडलेले दिसते. या कीटकांच्या शरीरात ग्लिसरॉलसारखी द्रव्ये साठतात आणि पाण्याचा काही भाग कमी केला जातो, त्यामुळे शून्याखालीही शरीरातील द्रव सहजासहजी गोठत नाही. उत्तर अमेरिकेतील मोनार्क हजारो किलोमीटर उडत मेक्सिकोच्या डोंगरांत, सुमारे ३,००० मीटर उंचीवरील देवदारसदृश वृक्षांवर हिवाळा घालवते. तेथील मुक्कामाची जागा शास्त्रज्ञांना १९७५ साली समजली. मोनार्क आणि कोल्हापूरच्या माळावरील प्लेन टायगर ही एकाच प्रजातीतील फुलपाखरे आहेत; एकीला अर्धे खंड ओलांडावे लागते आणि दुसरीला रुईचे पुढचे झुडूप पुरते.

धोके

हिवाळ्यात थांबलेली अळी, कोश किंवा विरामातील प्रौढ यांपैकी कोणालाही आगीपासून पळता येत नाही. फेब्रुवारीपासून डोंगरांवर वणवे लागतात. त्यांतील पुष्कळ नैसर्गिक नसतात. गवत जाळले की पुढच्या वर्षी ते चांगले येते, या समजुतीने लावलेले असतात. पाचोळ्यात बसलेल्या इव्हनिंग ब्राऊनचा सारा बचाव न हलण्यावर आधारलेला आहे आणि आगीपुढे तोच त्याच्या मुळावर येतो. गवताच्या बुडाशी असलेली अंडी व कोश यांचीही तीच गत होते. वनविभाग हिवाळ्यात जाळरेषा काढून आगीचा प्रसार रोखण्याचा प्रयत्न करतो. पश्चिमेच्या भातशेतीत तरवा भाजण्यासाठी गोळा केला जाणारा पालापाचोळा आणि पूर्वेकडे ऊस तुटल्यावर पेटवले जाणारे पाचट ही अशाच स्वरूपाची, पण शेतीच्या गरजेशी बांधलेली उदाहरणे आहेत. पाचट न जाळता सरीत कुजवले तर जमिनीची ओल टिकते आणि सेंद्रिय कर्ब वाढतो, असे कृषी विद्यापीठे सांगत आली आहेत. त्यात लपलेल्या कीटकांचाही जीव त्यामुळे वाचतो.

राधानगरी, शाहूवाडी आणि चंदगड तालुक्यांतील जांभ्याच्या सड्यांखाली बॉक्साइट आहे आणि काही ठिकाणी त्याच्या खाणी झाल्या आहेत. सड्यावरील मातीचा थर वीतभरही नसतो. तो एकदा काढला की त्यावरील सोनकी, गवते आणि त्यांच्या आश्रयाने राहणाऱ्या फुलपाखरांच्या पिढ्या सहज परत येत नाहीत. शहरातील धोका साधा, घरगुती आहे. बागेतील पाचोळा रोज झाडून जाळला जातो, कुंपणावरील वेल हिवाळ्यात छाटले जातात आणि कढीपत्त्यावरील अळ्यांवर औषध फवारले जाते. लिंबाच्या मोठ्या झाडाला पाच-दहा अळ्यांनी काही होत नाही, परंतु कोवळ्या रोपाची पाने मात्र त्या दोन-चार दिवसांत फस्त करतात. तेव्हा रोपवाटिकेत अळ्या वेचून मोठ्या झाडावर सोडणे हा फवारणीपेक्षा सोयीचा उपाय आहे.

एप्रिल-मे महिन्यांत वळवाच्या सरी पडल्या की गवताला पहिले कोंब फुटतात आणि विरामातील फुलपाखरे जागी होतात. त्या अंड्यांतून निघालेली, पंखांखाली डोळ्यांची ओळ असलेली पावसाळी पिढी मृगाच्या पावसाच्या सुमारास उडू लागते. तेव्हा हिवाळा काढलेल्या जुन्या पिढीतील फाटक्या पंखांची, फिकट झालेली काही फुलपाखरेही तिच्यासोबत दिसतात.